यश मिळालं, पण गोड लागत नाही: सोलापुरातल्या कर्तबगार माणसांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात डॉक्टर, कारखानदार, सीए, वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी अशा लोकांबरोबर कोच म्हणून काम करते. बाहेरून यांचं सगळं छान चाललेलं असतं आणि आत काहीतरी बिनसलेलं असतं. पहिल्या फोनवर बहुतेक वेळा हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे. उदाहरणांतल्या माणसांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

कोचिंग म्हणजे क्लासच ना?

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की नीट-जेईईचे क्लास डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. इथे शिकवणी नसते. वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला मी धंदा काय शिकवणार? आपण समोरासमोर बसतो. मी प्रश्न विचारते, तुम्ही तुमच्या दिवसांकडे, माणसांकडे, पैशाकडे जरा थांबून बघता. त्यातून एखादी छोटी गोष्ट ठरते आणि पुढच्या भेटीपर्यंत ती करून बघायची असते. करून बघणं टाळलं तर भेटींचा उपयोग होत नाही. नुसत्या गप्पांनी दोन दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

घर, गाडी, नाव सगळं मिळालं. तरी गोड का लागत नाही?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट असलेले एक मालक माझ्याकडे आले होते. निर्यातीचा पहिला कंटेनर पाठवायचं त्यांचं बारा वर्षांचं स्वप्न. तो दिवस उजाडला. कंटेनरला हार घातला, नारळ फोडला, कामगारांना पेढे वाटले. ते सांगत होते, "ताई, गाडी गेटातून बाहेर पडेपर्यंतसुद्धा आनंद टिकला नाही. पेढ्याचा हात पुसला आणि सुताचा भाव विचारायला मीच फोन लावला. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, आज तरी थांबा. मला थांबताच येईना."

यात दोन गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांच्याच मनाची आहे. मिळालेल्या गोष्टीची मनाला फार लवकर सवय होते. अमेरिकेत 1978 साली लॉटरी लागलेल्या 22 जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॉटरी न लागलेल्या 22 जणांशी त्यांची तुलना केली, तेव्हा आनंदात फारसा फरक दिसला नाही. उलट नाश्ता, मित्राशी गप्पा अशा रोजच्या साध्या गोष्टींतली गोडी लॉटरीवाल्यांना कमी वाटत होती. अभ्यास लहान होता, त्यावर इमला बांधू नये. नंतर स्वीडनमध्ये लॉटरी लागलेल्यांचा खूप मोठा अभ्यास झाला. त्यात पैशामुळे आयुष्याबद्दलचं समाधान वाढतं आणि ते बरीच वर्षं टिकतं असं दिसलं. रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र त्या मानाने थोडा होता. म्हणून पैशाला नावं ठेवणं मला मान्य नाही. ज्याने तंगी बघितली आहे त्याला पैशाची किंमत मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट खास कर्तबगार माणसांची आहे. ही माणसं मोठी झाली ती एका सवयीवर: 'एवढं झालं की मग'. परीक्षा झाली की मग झोपू. कर्ज फिटलं की मग फिरायला जाऊ. या सवयीने शिक्षण झालं, दवाखाना उभा राहिला, शेड बांधून झाली. पण वीस-पंचवीस वर्षं आनंद पुढे ढकलत राहिलं की तो आला तरी घ्यायचा कसा हेच विसरायला होतं. त्या मालकांना गेटात थांबता आलं नाही ते याच कारणाने. माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त भाग या एका सवयीवर आहे.

मग महत्त्वाकांक्षा सोडायची का? धार गेली तर?

ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते. मी कोणालाही कमी काम करा असं सरसकट सांगत नाही. काम कशापोटी चाललंय ते आधी बघू, असं म्हणते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं यावरच काम केलं. माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात असं ते मांडतात: आपल्या आयुष्याचे निर्णय आपले असणं, हातातलं काम जमतंय असं वाटणं आणि जिव्हाळ्याची माणसं असणं. यशस्वी माणसाची मधली गरज भरपूर भागलेली असते. कडेच्या दोन उपाशी असतात. मग तो जे भरलेलं आहे तेच भांडं आणखी भरत बसतो, कारण तेवढंच त्याला येतं. कडेच्या दोन भागल्या की काम ढिलं पडलं, असं मला आजवर दिसलेलं नाही. भीतीपोटी रात्री दोनला मेल बघणं मात्र थांबतं.

डॉक्टर मंडळी इथे हमखास द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढतात. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, त्यामुळे लहानपणापासून प्रत्येकाच्या मनात ते असतातच. एक सर्जन मला म्हणाले, "त्यांनी कुठे स्वतःच्या समाधानाचा विचार केला?" मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि 1942 साली, वयाच्या 32व्या वर्षी गेले. अतोनात कष्ट उपसले. पण तिकडे जायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. कशासाठी राबतोय हे त्यांना ठाऊक होतं. बरोबर जिवाभावाचे सहकारी होते, तिथेच लग्न केलं, मुलगा झाला. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. शिवाय तो काळ युद्धाचा होता. आज होटगी रोडवरच्या दवाखान्यात दिवसाला ऐंशी पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने पाठ दुखत असताना नव्वदावा का बघायचा, याचं उत्तर कोटणीसांच्या आयुष्यात सापडणार नाही. ते त्या डॉक्टरलाच शोधावं लागतं. त्या सर्जननी शोधलं. त्यांचं उत्तर होतं, "नाही म्हटलं तर लोक दुसरीकडे जातील, आणि परत येणार नाहीत." भीती एकदा अशी शब्दांत आली की तिचं काय करायचं ते ठरवता येतं.

मी फक्त थकलोय की आजारी आहे?

हा प्रश्न मी सगळ्यात गंभीरपणे घेते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या ताणातून होणारी अवस्था म्हणून धरलेला आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून पूर्वीसारखं काही होत नाही असं वाटणं. सुट्टीवर गेलात, दहा दिवस कामाचा विषय नाही, आणि मन परत हिरवं झालं, तर बहुधा प्रकरण कामाशी जोडलेलं आहे.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन खिन्न असेल, नातवंडाला मांडीवर घेतलं तरी काही वाटत नसेल, झोप पहाटे तीनला उडत असेल, भूक गेली असेल, तर कोचकडे येऊ नका. आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12, साखर तपासून घ्या, कारण यातल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगायला नको असे विचार येत असतील तर आज, आत्ता कोणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पुढारलेल्या घरांतसुद्धा 'मानसोपचार' हा शब्द अजून हळू आवाजात उच्चारला जातो. बीपीची गोळी मात्र सगळ्यांसमोर घेतली जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

कोच आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. कोच म्हणवून घ्यायला मात्र भारतात असा कुठलाही परवाना लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून कोच निवडताना तोंडावर विचारा: प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रत्यक्ष किती तास काम केलं? इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या तीन पातळ्यांसाठी अनुक्रमे किमान 100, 500 आणि 2500 तासांचा अनुभव लागतो, तेवढा अंदाज मनात ठेवा. प्रत्येक अडचणीवर माझ्याकडे उत्तर आहे, डॉक्टरकडे जायची गरज नाही, असं जो म्हणतो त्याच्या पायऱ्या चढू नका.

भेटीत नक्की काय होतं?

पहिल्या दोन भेटींत मी एक काम देते: सात दिवस, दर दोन तासांनी दोन शब्द लिहायचे. काय करत होतो आणि कसं वाटत होतं. डायरीत लिहा, दुकानाच्या बिलाच्या मागे लिहा. तो कागद घेऊन आपण बसतो.

एका सीए साहेबांच्या कागदावर सहा दिवस 'ठीक', 'ठीक', 'चिडचिड', 'ठीक' असं होतं. गुरुवारी सकाळी साडेसहाला एकच वेगळा शब्द: 'छान'. काय केलं होतं म्हणून विचारलं, तर आठवेना. मग आठवलं. ड्रायव्हर आला नव्हता म्हणून मुलीला शाळेच्या बसपर्यंत स्वतः सोडायला गेले होते. तिने वाटेत पायथागोरसचं प्रमेय यांनाच समजावून सांगितलं. हे सांगताना ते हसले, मग गप्प झाले, मग चष्मा काढून पुसत बसले. पुढच्या आठवड्यापासून गुरुवारी ड्रायव्हरला उशिरा बोलवायचं ठरलं. मार्चअखेर आली तरी गुरुवार मोडला नाही.

आठवड्याच्या 168 तासांत असा एखादा शब्द जवळपास प्रत्येकाच्या कागदावर सापडतो. तो मी सांगून सापडत नाही, स्वतःच्या अक्षरात दिसावा लागतो.

मुलं पुण्यात, बंगळूरला. हा सगळा व्याप आता कोणासाठी?

सोलापुरात हा प्रश्न फार खोल आहे. ज्या मुलांसाठी राबलो त्यांना शिकवलं, आणि शिकली म्हणूनच ती गेली. वंदे भारत 2023 साली सुरू झाली, पुणे आणखी जवळ आलं, पण संध्याकाळी घरात दोनच ताटं मांडायची हे काही बदललं नाही.

एका बांधकाम व्यावसायिकांना मी विचारलं, "मुलाला धंद्यात यायचंय का, हे तुम्ही विचारलंत?" ते म्हणाले, "विचारायचं काय त्यात? येणारच की." मी म्हटलं, विचारून बघा. पंधरा दिवस त्यांनी टाळलं. मग हुरड्याच्या दिवसांत मुलगा आला असताना, शेतावर, आगटीशेजारी बसून विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मला नकोय. चार वर्षं सांगायचं होतं, हिंमत होत नव्हती." घरी येऊन दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. ते दुःख खरं होतं आणि ते लवकर पुसायला मी गेले नाही. तिसऱ्या भेटीत त्यांनीच विषय काढला, की मग नवीन दोन साइट कोणासाठी घेतोय? त्यातली एक सोडली. दुसरी ठेवली, कारण त्या कामात त्यांना स्वतःला मजा येत होती. मुलगा आता दर शनिवारी फोन करतो. आधी पंधरवड्यातून एकदा करायचा, तोही पैशांच्या कामापुरता.

अण्णा अजून रोज गल्ल्यावर बसतात. मी पन्नाशीला आलो, तरी निर्णय त्यांचेच. काय करू?

वडिलांशी भांडून हे सुटत नाही, आणि तुम्हालाही ते नको असतं. साड्यांच्या एका दुकानात असं ठरलं, की दुकान अण्णांचं, पण ऑनलाइन विक्री पूर्णपणे मुलाची. नफा त्याचा, तोटाही त्याचा, अण्णांनी हिशेब विचारायचा नाही. अण्णा सहज तयार झाले याचं मुलालाच आश्चर्य वाटलं. त्यांनाही कोणीतरी विचारायला हवं होतं एवढंच.

देवधर्म करतो, देणग्या देतो. ते पुरेसं नाही का?

देणगी चांगलीच. पण या मातीत याहून नेमकं काहीतरी सांगून ठेवलंय असं मला वाटतं. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, दोन शब्द जोडीने वापरले: कायक आणि दासोह. कायक म्हणजे आपलं काम हीच पूजा समजून करणं. दासोह म्हणजे त्यातून आलेलं समाजाला नम्रपणे परत देणं. आपले सिद्धरामेश्वर त्याच काळातले, वचनकार. सोलापूरचा तलाव त्यांनी लोकांच्या श्रमातून उभा केला असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. आपल्याकडच्या यशस्वी माणसाला कायक कळतं. दासोहातलं 'नम्रपणे' राहून जातं, कारण चेक मॅनेजर नेऊन देतो आणि पावती फाइलला लागते.

एका लोखंडाच्या व्यापाऱ्यांचं घर सिद्धेश्वर मंदिरापासून दोन किलोमीटरवर. गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी देणगी जायची, पण यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, त्यांनी अकरा वर्षांत बघितला नव्हता. जानेवारीत माल भरायची गडबड असते. यंदा 14 तारखेला ते पांढरे कपडे घालून गर्दीत उभे राहिले. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, सोहळ्याच्या जागी संमती कट्ट्याशी येईपर्यंत दोन तास पायावर. शेजारी एक विडी कामगार आजी होत्या, त्यांनी यांच्या तळहातावर आपल्यातल्या अक्षता घातल्या, कारण यांनी घरून आणल्याच नव्हत्या. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणताना घसा बसला. त्यांनी मला रात्री फोन केला आणि आधी आजींबद्दलच सांगितलं. देणगीचा आकडा या वर्षी तेवढाच होता.

घरचे म्हणतात तुम्ही घरी असूनही नसता. हे एवढं महत्त्वाचं आहे का?

आहे. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास 1938 पासून त्याच माणसांच्या आणि पुढे त्यांच्या मुलांच्या आयुष्यावर चालू आहे. त्यातून पुन्हा पुन्हा हेच पुढे आलं, की जिव्हाळ्याची नाती असलेली माणसं म्हातारपणी जास्त सुखी आणि निरोगी असतात.

मला हे अभ्यासाच्या आधी कळलं. पुण्यातल्या एका कंपनीत मी चौदा वर्षं होते. ज्या बढतीसाठी जिवाचं रान केलं ती मिळाली त्या संध्याकाळी मी हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला येत होते. कोणाला तरी सांगावं म्हणून फोन काढला. दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत नावं वरखाली करत बसले. ऑफिसातल्यांना माहीत होतंच. बाकी एकही नाव सापडेना, कारण कित्येक वर्षांत मी कोणाला कामाशिवाय फोनच केला नव्हता. शेवटी समोरच्या सीटवरच्या काकूंना सांगितलं. त्यांनी डब्यातली शेंगापोळी दिली.

बायकांसाठी हे वेगळं असतं का?

असतं. एक स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, "भाकरीच्या मावशी आल्या नाहीत तर फोन मला येतो. यांचं क्लिनिक माझ्या वरच्याच मजल्यावर आहे." अशा वेळी बाईला ध्यान करा, श्वासाकडे लक्ष द्या असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आधी मावशींच्या फोनमध्ये नवऱ्याचा नंबर घालायचा. आम्ही तेच केलं. दोन्ही बाजूंनी थोडी धुसफूस झाली, महिन्याभरात बसलं.

सोलापूर लहान आहे. बाहेर कळलं तर?

इथे दोन माणसांत तिसरा ओळखीचा निघतो, हे खरं. तुमचं नाव, तुम्ही माझ्याकडे येता ही गोष्टसुद्धा, मी कोणाला सांगत नाही. तुमच्या बायकोला किंवा भागीदारालाही नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र घरच्यांना कळवीन, हे पहिल्याच भेटीत सांगते. काही जण घरी येतात, काही व्हिडिओ कॉल करतात, काहींना पहाटे कंबर तलावाकाठी चालत बोलायला आवडतं.

किती दिवस लागतात?

बहुतेकांना पंधरवड्याला एक याप्रमाणे आठ ते दहा भेटी. चौथ्या भेटीपर्यंत काहीच हललं नाही तर आपण थांबतो. वर्षानुवर्षं कोणी येत राहावं असं मला वाटत नाही.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

गेल्या महिन्याची अपॉइंटमेंटची वही किंवा फोनमधलं कॅलेंडर. एवढं पुरे. फाइल नको, ताळेबंद नको. उन्हाळ्यात येत असाल तर सकाळी नऊच्या आधीची वेळ घ्या. फोन बंद करायची सक्ती नाही, सायलेंटवर ठेवा. डिलिव्हरीची पेशंट असेल तर तसं आधी सांगा, तो फोन आपण घेऊ.